मग्दालाची लढाई व तेथील ग्रंथभांडार

इ. स. १८६८ च्या एप्रिल महिन्यांत इंग्रज सरकार व अबिसीनियाचा बादशहा दुसरा थिओडोर यांच्यामध्यें मग्दालाच्या डोंगराखालीं व डोंगरावर जी लढाई झाली, तिची हकीकत वाचकांपुढें मांडण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे. मराठ्यांच्या कागदपत्रांस वाहिलेल्या त्रैमासिकांत आफ्रिकेंतील लढाईचें काय प्रयोजन, असें कोणीहि विचारील. त्याचें उत्तर दुहेरी आहे. एक तर ही मोहीम मुंबई बंदरांत सजली. तिचा सेनापति मुंबई फौजेचा मुख्य होता, आणि तिच्यांत आपल्या इलाख्यांतील पलटणी होत्या. दुसरें असें कीं, लढाईच्या अखेरीस जी लूट झाली तींत सुमारें एक हजार हस्तलिखित ग्रंथांचें भांडार होतें. त्या ग्रंथांचें पुढें काय झालें, हें पोथ्या जमविणाऱ्या प्रत्येकानें एकदां तरी नीट पाहण्यासारखें आहे.

१. हबसाण व थिओडोर

अबिसीनियाचें आपणांस जुनें नांव हबसाण. तेथून आलेले ते हबशी. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखासहि हबसाण असेंच म्हणत. अहमदनगरची निजामशाही शेवटच्या काळांत सांवरून धरणारा मलिक अंबर हा त्याच देशांत जन्मला होता. म्हणजे हा देश आपल्या इतिहासास अगदींच परका नाहीं. तेथील राजघराणें आपला वंश सालोमन राजा व शेबाची राणी यांच्यापर्यंत नेत असे, आणि तेथील ख्रिस्ती धर्म युरोपांतील बहुतेक देशांच्या ख्रिस्ती धर्माहून जुना आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथें बादशहा नांवाचा व सत्ता सरदारांची, अशी स्थिति झाली होती. साताऱ्याची गादी व तिच्या नांवानें वागणारे सरदार ज्यांस ठाऊक आहेत, त्यांस ही स्थिति समजावून सांगण्याची गरज नाहीं. क्वारा प्रांतांतील कासा नांवाच्या एका लहान सरदारपुत्रानें एकेक प्रतिस्पर्धी मोडून काढला व फेब्रुवारी १८५५ मध्यें दुसरा थिओडोर या नांवानें राज्याभिषेक करविला. देश एका छत्राखालीं आणावा, कवायती फौज उभारावी, तोफा स्वदेशींच ओताव्या, हा त्याचा उद्योग होता. गाफात येथें त्यानें युरोपियन कारागिरांकडून तोफा ओतविल्या. त्यांतील सर्वांत मोठ्या उखळी तोफेस ‘सेबास्तोपोल’ असें नांव दिलें. मात्र खर्चासाठीं त्यानें देवस्थानांच्या जमिनींस हात घातला, धर्माधिकारी दुखावले, बंडें झालीं, आणि बंडांबरोबर त्याचा क्रूरपणा वाढत गेला. १८६६ च्या अखेरीस त्यानें स्वतःच्याच राज्यांतील जुनी राजधानी गोंदर लुटून जाळली. हा मुद्दा पुढें लागणार आहे, तो ध्यानांत ठेवावा.

२. उत्तर न मिळालेलें पत्र

युद्धाचें निमित्त एका पत्राचें झालें. १८६२ च्या अखेरीस थिओडोरनें इंग्लंडच्या राणीस स्नेहाचें पत्र लिहिलें. वकील पाठविण्याची इच्छा दर्शविली व तुर्कांविरुद्ध साहाय्य अपेक्षिलें. तें पत्र लंडनच्या परराष्ट्र कचेरींत पोहोंचलें व तेथेंच पडून राहिलें. एक वर्ष वाट पाहून अपमान झाला असें मानून बादशहानें जानेवारी १८६४ मध्यें इंग्रज वकील कॅमेरन यास बेड्या घातल्या. पाद्री व इतर युरोपियनहि कैदेंत पडले. पुढें उत्तर घेऊन होर्मुझ्द रस्साम हा गेला. प्रथम त्याचें आदरातिथ्य झालें, आणि १८६६ मध्यें तोहि कैदी झाला. दप्तरांत बाजूस ठेवलेल्या एका कागदानें केवढा अनर्थ होतो, याचें याहून ठळक उदाहरण शोधावें लागेल.

३. मुंबईची तयारी व खर्चाचा प्रश्न

१८६७ च्या उन्हाळ्यानंतर फौज पाठविण्याचा निर्णय झाला. मुंबई फौजेचा सेनापति सर रॉबर्ट नेपियर याजकडे मोहीम सोंपविली गेली. तांबड्या समुद्राच्या कांठीं झुला येथें ऑक्टोबरमध्यें बिनीची तुकडी उतरली. स्वतः नेपियर जानेवारी १८६८ च्या आरंभीं पोहोंचला. एकंदर सुमारें १३००० शिपाई, २६००० बाजारबुणगे व ४०००० हून अधिक जनावरें, असा हा पसारा होता. तोफा वाहण्यासाठीं हिंदुस्थानांतून ४४ हत्ती जहाजांनीं नेले. झुला येथें धक्के बांधले, समुद्राचें पाणी वाफ करून गोडें करण्याचीं यंत्रें लाविलीं, आणि किनाऱ्यापासून डोंगराच्या पायथ्याच्या दिशेनें आगगाडीचा दहाबारा मैलांचा रस्ता टाकला. देशांतील लोक १७८० चा शिक्का असलेल्या मारिया थेरेसा डॉलरांखेरीज दुसरें नाणें घेत नसत; म्हणून तीं नाणीं व्हिएन्नाहून मागवावीं लागलीं.

या फौजेंतील मुंबईच्या तिसऱ्या नेटिव्ह पायदळ पलटणीचा उल्लेख येथें अवश्य केला पाहिजे. हीच पुढें १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री झाली, व आज मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण म्हणून ओळखली जाते. तिच्या युद्धसन्मानांत ‘अबिसीनिया’ हें नांव आहे. या मोहिमेच्या पदकाच्या मागील बाजूस मध्यभागीं तें मिळविणाऱ्याचें नांव घालीत. कोंकणांत किंवा देशावर एखाद्या जुन्या घरीं असें पदक आढळल्यास त्यावरील नांव व घराण्याची माहिती उतरून घ्यावी, अशी संग्राहकांस विनंति आहे; मोडींत घातलेल्या पदकाबरोबर तें नांवहि वितळतें.

हें सर्व कोणाच्या पैशानें? मोहिमेसाठीं आरंभीं वीस लक्ष पौंडांचा अंदाज धरला होता; प्रत्यक्ष खर्च नव्वद लक्षांच्या आसपास गेला. जादा खर्च इंग्लंडनें सोसावयाचा, परंतु हिंदी पलटणींचा नेहमींचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरींतूनच चालूं ठेवावयाचा, असा ठराव पार्लमेंटानें केला. दादाभाई नौरोजी यांनीं नोव्हेंबर १८६७ मध्यें लंडनच्या ईस्ट इंडिया असोसिएशनपुढें निबंध वाचून या व्यवस्थेस विरोध केला. ज्या युद्धाशीं हिंदुस्थानचा संबंध नाहीं, त्यास हिंदुस्थानचा पैसा कां लावावा, हा त्यांचा प्रश्न होता. मग्दालाच्या लढाईंत आपल्या मुलखांतील शेतकऱ्याचा सारा खर्ची पडला आहे, ही गोष्ट लढाईच्या वर्णनांत सहसा येत नाहीं, म्हणून येथें नमूद केली.

४. आरोगेचें मैदान

झुलापासून मग्दाला सुमारें ४०० मैल. वाटेंत टिग्रे प्रांताचा अधिपति कासा यानें नेपियरशीं सख्य करून रस्ता मोकळा ठेवला व धान्य पुरविलें. थिओडोरच्या ताब्यांत आतां त्याच्या छावणीभोंवतालची भूमि तेवढीच उरली होती. तोहि ‘सेबास्तोपोल’ तोफ माणसांकडून ओढवीत, डोंगर फोडून रस्ता करीत, मग्दालाकडेच येत होता. तो नेपियरच्या थोडा आधीं पोहोंचला.

मग्दाला म्हणजे चहूं बाजूंनीं तुटलेल्या कड्यांचा, माथ्यावर सपाट असा डोंगर. आपल्या डोंगरी किल्ल्यांची ज्यास संवय आहे, त्यास त्याचें बळ ताबडतोब कळेल. त्याच्या समोर फाला व सेलासी या टेकड्या, व खालीं आरोगेचें मैदान. लढाईच्या आदल्या दिवशीं थिओडोरनें आपल्याच प्रजेंतील शेंकडों कैदी मारून कड्यावरून लोटविले. त्याच्याविषयीं सहानुभूति बाळगतांना हें पातक विसरतां येत नाहीं.

१० एप्रिल १८६८ रोजीं, शुभ शुक्रवारीं, इंग्रजांचें सामान लादलेलीं खेंचरें खोऱ्यांतून वर येतांना फालावरून दिसलीं. त्यांजबरोबर संरक्षण नाहीं असा समज होऊन थिओडोरनें तोफा सुरू केल्या व हजारों लोक उतारावरून खालीं सोडले. त्यांचा नायक गेब्रिये हा पुढें होता. इंग्रज पलटणींच्या हातीं मागून भरावयाच्या नव्या स्नायडर बंदुका होत्या. त्यांचा युद्धांत प्रथम उपयोग येथेंच झाला. उलट पक्षीं तोड्याच्या व ठासणीच्या बंदुका, भाले व ढाली. आरमारी खलाशांनीं बाणांसारखीं अग्निशस्त्रें सोडलीं. विजा कडाडत होत्या, पाऊस कोसळत होता, आणि हबशी लोक पुनःपुन्हां चालून येत होते. संध्याकाळपर्यंत त्यांचे सुमारें ७०० लोक ठार व १२०० जखमी झाले, गेब्रियेहि पडला. इंग्रजांकडील जखमी अवघे वीस. त्यांतील दोघे पुढें दगावले.

येथें एक बारकावा सांगितला पाहिजे. स्नायडर बंदुका गोऱ्या पलटणींसच दिल्या होत्या. १८५७ नंतर हिंदी शिपायाच्या हातीं गोऱ्यापेक्षां उणें हत्यार असावें, असें धोरण होतें. त्यामुळें सामानाच्या रक्षणास असलेल्या तेविसाव्या पंजाब पायोनियर पलटणीनें जुन्या ठासणीच्या बंदुकांवर व संगिनींवर काम भागविलें. हातघाईची लढाई झाली ती बहुतेक तिच्याच वांट्यास आली.

यानंतर थिओडोरनें युरोपियन कैदी सोडून दिले, परंतु स्वतः शरण येण्याचें नाकारलें. १३ एप्रिल रोजीं इंग्रज फौज मग्दालावर चढली. दरवाजा उघडतांच थिओडोरनें पिस्तूल तोंडांत धरून प्राण दिला. तें पिस्तूल व्हिक्टोरिया राणीनें त्यास पूर्वीं भेट दिलेलें होतें.

लढाई निर्णायक खरी. पण कोणत्या अर्थानें? इंग्रजांनीं देश घेतला नाहीं. जूनपर्यंत सारी फौज परत जहाजांवर चढली. जातांना नेपियरनें टिग्रेच्या कासास तोफा व बंदुका दिल्या, व त्या बळावर तो १८७२ मध्यें चौथा योहानिस म्हणून बादशहा झाला. पूर्वीं मग्दालावर थिओडोरच्या बंदींत असलेला व १८६५ मध्यें तेथून निसटलेला राजपुत्र मेनेलिक हा त्याच्यामागून गादीवर आला, आणि त्यानेंच १ मार्च १८९६ रोजीं अडोवा येथें इटालियन फौजेचा पूर्ण पराभव केला. तेव्हां राज्य बुडालें असें म्हणतां येत नाहीं. एका पुरुषाची सत्ता गेली, आणि त्याबरोबर एक ग्रंथभांडार गेलें. सत्ता दुसऱ्यानें उभारली; भांडार मात्र पुन्हां उभें राहिलें नाहीं.

५. ग्रंथांची लूट

हे ग्रंथ मग्दालास कसे आले? मग्दालावर एक मोठें देवालय बांधून त्यास ग्रंथ अर्पण करावे, अशी थिओडोरची इच्छा होती. त्यासाठीं त्यानें गोंदरच्या देवालयांतील ग्रंथ उचलून आणिले. म्हणजे इंग्रजांनीं लुटलें तें आधींच एकदां लुटलेलें होतें. ग्रंथ एका देवळांतून दुसऱ्या देवळांत गेले एवढाच थिओडोरच्या बाजूनें फरक. परंतु त्यांची मूळ जागा तेव्हांच सुटली होती.

हे ग्रंथ चामड्याच्या पत्रांवर लिहिलेले असतात. शाई काळी, देवतांचीं नांवें तांबडीं. आपल्याकडे हिंगुळानें लिहितात तसें. वर लांकडी फळ्या, व ठेवावयास चामड्याची पिशवी. आपलें बासन तें तिकडे ही पिशवी. भाषा गीझ. ती आतां कोणाच्या बोलण्यांत नाहीं, परंतु देवळांत व ग्रंथांत चालते. आपल्याकडे संस्कृताचें जें स्थान, तेंच तिचें. ग्रंथ चोरील किंवा त्यांतील मालकाचें नांव खोडील त्यास शाप, असें वाक्य अखेरीस पुष्कळदां आढळतें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, देवळाच्या ग्रंथांच्या समासांत व कोऱ्या पानांवर जमिनींचीं दानपत्रें व हक्कांच्या नोंदी उतरून ठेवीत. ग्रंथ पवित्र, म्हणून त्यांतील नोंद अढळ, ही त्यामागील समजूत. जोशी-कुळकर्ण्यांच्या घरीं पोथीच्या वेष्टनपत्रावर देण्याघेण्याची याद सांपडते, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस याचें नवल वाटणार नाहीं.

मोहिमेबरोबर ब्रिटिश म्युझियमनें आपल्या हस्तलिखित खात्यांतील रिचर्ड होम्स यास पाठविलें होतें. मग्दाला पडतांच शिपाई लुटींत गुंतले. अबिसीनियाच्या धर्माध्यक्षाचा मुकुट व सोन्याचा प्याला होम्सनें एका सैनिकाकडून अवघ्या चार पौंडांस विकत घेतला. १७ एप्रिलला मग्दाला जाळण्यांत आलें. सारी लूट पंधरा हत्ती व सुमारें दोनशें खेंचरें यांवर लादून दलांता पठारावर आणिली आणि २० व २१ एप्रिल रोजीं तिचा लिलाव केला. सुमारें ५००० पौंड आले, ते शिपायांत वांटले. म्युझियमच्या पैशानें बोली करणारा होम्स हाच मोठा खरेदीदार होता. सुमारें साडेतीनशें ग्रंथ म्युझियमकडे गेले. राहिलेल्यांपैकीं पुष्कळ परतीच्या वाटेवरील चेलेकोटच्या देवळास दिले. कांहीं अधिकाऱ्यांच्या खाजगी सामानांतून गेले. विल्यम राइट यानें १८७७ मध्यें म्युझियममधील ग्रंथांची सूचि छापली, व ती आजहि विद्वानांच्या उपयोगीं पडते. ग्रंथांची निगा उत्तम राहिली, हें निःपक्षपातपणें मान्य केलें पाहिजे.

ग्रंथांबरोबर थिओडोरचा सात वर्षांचा मुलगा अलेमायेहू हाहि नेला गेला. आई वाटेंतच वारली. कांहीं काळ तो हिंदुस्थानांतहि होता. पुढें १८७९ मध्यें, अठराव्या वर्षीं, तो इंग्लंडमध्यें मरण पावला व विंडसर येथें पुरला गेला.

६. एका राजाची मागणी

१८७२ च्या ऑगस्टांत बादशहा योहानिस यानें इंग्लंडास पत्र लिहून दोन वस्तु मागितल्या. एक ‘केब्रा नगस्त’ हा ग्रंथ, ज्यांत शेबाच्या राणीची व राजवंशाची कथा आहे. दुसरी ख्रिस्ताच्या काटेरी मुकुट घातलेल्या मुखाची तसबीर, जी राजे लढाईस बरोबर नेत असत. ग्रंथाविषयीं त्यानें दिलेलें कारण मार्मिक आहे. त्या प्रतींत देशाचे कायदे व सरदार, देवालयें आणि प्रांत यांचीं नांवें आहेत, व तिच्यावांचून लोक माझी आज्ञा मानणार नाहींत, असा त्याच्या लिहिण्याचा आशय होता. म्हणजे त्यानें मागितलें तें काव्य म्हणून किंवा पुराण म्हणून नव्हे. राज्याचें दप्तर म्हणून. म्युझियममध्यें या ग्रंथाच्या मग्दालाहून आलेल्या दोन प्रति होत्या. त्यांतील एक त्याच वर्षाच्या डिसेंबरांत परत गेली.

तसबीर मात्र सांपडली नाहीं. सांपडणार कशी? ती होम्सनें मग्दालावर थिओडोरच्या शयनगृहांतून घेऊन स्वतःजवळ ठेवली होती, आणि तो तेव्हां विंडसर येथें राणीचा ग्रंथपाल होता. ही गोष्ट पुष्कळ वर्षांनीं उघडकीस आली.

पुढें थोडेंबहुत परत गेलें. १९२५ च्या सुमारास थिओडोरचा एक मुकुट, २००२ मध्यें एडिंबरोच्या एका देवळांत कपाटांत सांपडलेली वेदीवरील पवित्र फळी, २०१९ मध्यें थिओडोरच्या केंसांच्या बटा. म्युझियममधील ग्रंथ १९७३ पासून ब्रिटिश लायब्ररीकडे आहेत.

७. नागपूरचें उदाहरण

दलांता पठारावरील लिलाव वाचून आम्हां या भागांतील लोकांस दुसऱ्या एका लिलावाची आठवण होते. कोहमारा व आसपासचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत होता. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजीं औरस पुत्रावांचून वारले व डलहौसीनें राज्य खालसा केलें. राजवाड्यांतील हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीस लिलावांत अल्प किंमतीस गेले. जवाहीर विक्रीसाठीं कलकत्त्यास पाठविलें. बांकाबाईंनीं निषेध केला, तो चालला नाहीं. नागपुरास त्या वेळीं लढाई झालेली नव्हती. मग्दालास झाली होती. लिलावाची रीति मात्र एकच. हत्ती कोणी घेतला, हार कोणी घेतला, याची नोंद व्यवहारापुरती झाली. कोणता हार कोणाच्या लग्नांत आला, कोणती वस्तु कोणत्या देवास वाहिलेली, हें सांगणारें माणूस वाड्याबरोबरच विखुरलें.

८. संग्राहकांचें कर्तव्य

वरील हकीकतीवरून इंग्रजांस दोष देऊन थांबावें, हा लेखाचा उद्देश नाहीं. गोंदरच्या देवळांतून ग्रंथ उचलणारा थिओडोर स्वदेशीयच होता. उद्देश असा कीं, पोथी व तिची जागा हीं दोन मिळून एक साधन होतें. अक्षरें लंडनमध्येंहि वाचतां येतात. पण समासांतील दानपत्र कोणत्या शेताचें, हें त्या गांवींच कळतें. योहानिसास हें कळत होतें. आपणां संग्राहकांस तें नेहमीं कळतेंच असें नाहीं, आणि याविषयीं प्रस्तुत लेखकास स्वतःचीच चूक सांगणें भाग आहे.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं येथील आठवड्याच्या बाजारांत जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याकडून लेखकानें भागवताच्या दशमस्कंधाची पोथी घेतली. शेवटचीं पानें नव्हतीं, म्हणून लेखनकाल व लेखकाचें नांव कळण्याचा मार्ग नव्हता. बासन मळलेलें व कुजकें होतें. त्यावर शाईनें एका गांवाचें व मठाचें नांव लिहिलेलें अंधुक दिसत होतें. पोथी नव्या लाल कापडांत बांधली आणि जुनें बासन टाकून दिलें. त्यावरील नांव उतरून घेण्याचें सुचलें नाहीं. पाठभेदांकडे सारें लक्ष होतें.

गेल्या वर्षीं एक वृद्ध गृहस्थ घरीं आले. त्यांच्या आजोबांच्या मठांतील पोथ्या कोणीतरी विकल्या होत्या. त्यांतील एकीच्या समासांत मठाच्या विहिरीविषयीं टिपण होतें, असें ते लहानपणापासून ऐकत होते. माझ्या पोथींत विहिरीविषयीं एक टिपण आहे. तें त्यांनीं पुनःपुन्हां वाचलें. गांवाचें नांव त्यांत नाहीं. मग त्यांनीं विचारलें, ही पोथी कोठून आली? चाळीस वर्षें मुलांस प्रश्न विचारण्यांत घालविलेल्या मला त्या एका प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं. पोथी त्यांची असेल, नसेलहि. ते नमस्कार करून गेले.

म्हणून विनंति एवढीच: पोथी हातीं येतांच, ती वाचण्यापूर्वींच, चार गोष्टी लिहून ठेवाव्या. कोणत्या गांवाहून आली. कोणाकडून आली व त्यानें ती कोठून आणिली. कशांत बांधलेली होती. काय मोल दिलें. बासन, फळ्या व दोरी कितीहि जीर्ण असलीं तरी टाकूं नयेत. समासांतील टिपणें मूळ ग्रंथाइतक्याच काळजीनें उतरून घ्यावीं. विक्रेता सांगण्यास कांकूं करील, तर तीहि नोंद करावी. मग्दालाच्या ग्रंथांस निदान मग्दालाहून आले अशी नोंद मिळाली; म्हणूनच दीडशें वर्षांनंतरहि त्यांजविषयीं कोणी मागणी करूं शकतो.

माझ्या पोथीच्या नव्या बासनावर आतां एक चिठ्ठी शिवली आहे. तीवर लिहिलें आहे: मूळ स्थान अज्ञात, कारण, घेणाराची हयगय. असो.

कोहमारा, जि. गोंदिया.